रिबॅच साबणासाठी लाकडी रंधापेटी: पैसे वसूल, पण घाणा नीट हवा

रिबॅच म्हणजे किसून पुन्हा वितळवून ओतलेला साबण. तो खिमट वाळवल्यासारखा खडबडीत दिसतो. त्याला गुळगुळीत करायला ही पेटी. आहे अगदी साधी: लाकडी चौकटीत तिरकं बसवलेलं स्टीलचं पातं, त्यावरून वडी काकडीच्या किसणीवर सरकवतो तशी सरकवायची. कडा ४५ अंशांत तासायला बाजूला खाच आहे.

पातं अर्ध्या मिलिमीटरच्या वर काढू नका. एकदम जास्त घेतलं की लचका तुटतो, त्यापेक्षा दोन हात मारा. १०० ग्रॅमच्या वडीच्या दोन्ही मोठ्या बाजू एकेक मिलिमीटर तासल्या तर आठ-नऊ ग्रॅम सहज जातात, म्हणून कापतानाच जाडी तेवढी वाढीव धरा.

खरी गोम वेळेत आहे. ताजी कापलेली वडी पात्याला चिकटते, महिनाभर वाळलेलीच्या कडा भुगा होऊन झडतात. नाशकात थंडीच्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांनी वडी बोटाला चिकटेनाशी होते, तोच मुहूर्त. श्रावणात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वडीला घाम फुटतो. तेव्हा पंख्याखाली पंधरा दिवस तरी ठेवा.

पण पेटी भोकं बुजवत नाही, उलट उघडी पाडते! ती भोकं पातेल्यातून येतात. किस जाड आणि घोटणं जोरात, मग फेस आणि गाठी दोन्ही. बारीक किसणीने किसून १ किलो ताज्या साबणाला १०० ते १५० मिली पाणी किंवा दूध घाला, रात्रभर झाकून ठेवा. जुना, कडक साबण २०० मिलीपर्यंत पितो. त्याहून जास्त घातलं तर वाळताना वडी आकसते, वाकडी होते, आणि मग रंधा काहीच करू शकत नाही. उकळत्या पाण्यावरच्या दुहेरी भांड्यात मंद आचेवर, अधूनमधून उलथन्याने वरखाली करत वितळवा. सोडियम लॅक्टेटचे (लॅक्टिक आम्लाचा क्षार) दोन चमचे घातले तर लगदा सैल पडून साच्याच्या कोपऱ्यांत शिरतो. एकेक थर दाबून भरा आणि घडी घातलेल्या गोणपाटावर साचा दणादण आपटा. लगदा थंड होईपर्यंत रेंगाळलात की संपलं.

भांडं स्टेनलेस स्टीलचंच. भांडी बाजारातली तांब्याची लखलख पाणी भरायला उत्तम, साबणाला नाही: तांब्याने तेल लवकर खवटतं आणि केशरी डाग उठतात. अॅल्युमिनियमला तर अल्कली खातेच.

तासल्यावरही बारीक रेघा राहतात. वाफेवर तीन-चार सेकंद धरून हातमोज्याच्या अंगठ्याने फिरवा, मग चकाकी येते. उरलेली लहान भोकं तासताना निघालेल्या किसाला दोन थेंब पाणी लावून, मळून, दाबून बुजवा. ठसा मारायचा तर तासल्यावर लगेच, एरवी वडी चिरते.

पाचपैकी चार. एक गुण पात्याला गंज चढतो म्हणून कापला: वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावाच लागतो.