व्हील ऑफ टाइम: १४ खंड वाचावेत की ३ सीझन बघावेत?

(थोडं कथानक फुटेल, आधीच सांगतो.)

आधी हिशेब. ‘व्हील ऑफ टाइम’ ही इंग्रजी फँटसी कादंबरीमाला. एकीकडे तिचे १९९० ते २०१३ दरम्यान आलेले १४ जाडजूड खंड. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसननी त्यांच्या टिपणांवरून पुरे केले. दुसरीकडे तिच्यावरच्या प्राइम व्हिडिओवरील मालिकेचे २४ भाग. २०२१ ला सुरू झालेली ही मालिका मे २०२५ मध्ये बंद झाली. गोष्ट अर्ध्यावरही आली नव्हती.

वाचकांचा राग मात्र पहिल्या भागापासूनचा आहे. कात्री लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ भागांत अख्खा खंड मावत नाही. दुखणं वेगळंच आहे. गोष्टीतल्या मुख्य तरुणांपैकी पेरिन घ्या. पुस्तकातला पेरिन लोहाराकडे काम शिकणारा दांडगा पोरगा. आपल्या ताकदीनं कुणाला लागेल म्हणून लहानपणापासून जपून वागणारा. हातात कुऱ्हाड धरावी की हातोडा, हा त्याचा झगडा कित्येक खंड चालतो. मालिकेनं त्याला थेट बायको दिली आणि पहिल्याच भागात, लढाईच्या गोंधळात, त्याच्याच कुऱ्हाडीनं तिला मारलं. पुस्तकात तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नाही! जे हजारो पानांत मुरतं ते एका घावात उरकलं. त्याचा मित्र मॅट, त्याचं काम करणारा नट पहिल्या सीझनच्या मध्येच सोडून गेला, कोविडनं चित्रीकरण अडलं, हे समजून घेता येतं. पेरिनची बायको ही मात्र निव्वळ लेखकांची करणी.

तरी मालिका टाकाऊ नाही. रोझामंड पाइकनं साकारलेली जादूगार मोरेन पुस्तकापेक्षा जास्त भेटते, ते बरंच झालं. तिसऱ्या सीझनचा चौथा भाग तर चुकवूच नका. कथेचा नायक रँड रुइडियन या प्राचीन शहरात शिरतो आणि आएल या वाळवंटी लढवय्या लोकांचा इतिहास एकेक पिढी मागे जात उलगडतो. चौथ्या खंडातलं हे प्रकरण पडद्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं. शिव्या घालणारे बरेच वाचकही तिथे नरमले.

पुस्तकंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. आठव्या ते दहाव्या खंडांत गाडं असं रुततं की चाहत्यांनीच त्या टप्प्याला ‘स्लॉग’ नाव ठेवलंय. नायनीव ही नायिका किती वेळा वेणी ओढते ते मोजायच्या फंदात पडू नका.

माझा कौल पुस्तकांना. पहिले चार खंड वाचा, मग हवं तर मालिका बघा. एवढं इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर सुरुवातीच्या खंडांची ऑडिओबुकं खुद्द पाइकच्या आवाजात आहेत. आणि मालिका आधीच बघून झाली असेल तर पुढचं कळावं म्हणून पाचवा खंड उचलू नका. तिसऱ्या सीझनच्या शेवटी मारून टाकलेली स्वान, म्हणजे मोरेनच्या जादूगार संघाची प्रमुख, पुस्तकात जिवंत आहे, आणि पुढे तिला भरपूर काम आहे. पहिल्या खंडापासूनच वाचा.