दुबईची सीबीएसई शाळा की हनोईचं सेंटर?

माझ्या मावसबहिणीच्या फोनवर दोन ऑफर आहेत. एक दुबईतल्या सीबीएसई शाळेची, चौथी-पाचवीला इंग्रजी शिकवायची. दुसरी व्हिएतनाममधल्या हनोईतल्या इंग्रजी सेंटरची, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना. ही एम.ए. इंग्रजी, बी.एड., नाशकात सहा वर्षं शिकवतेय. तिचा पहिला प्रश्न, पगार कुठं जास्त. माझा पहिला प्रश्न, व्हिसा कोण काढतंय आणि कधी?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका एजंटाला चाळीस हजार रुपये 'परतीचं डिपॉझिट' म्हणून देऊन मी थायलंडला गेले होते, पर्यटक म्हणून. कागद तिकडं पोचल्यावर होतील, असं त्याचं म्हणणं. शाळा खोटी नव्हती, मुलं खरी होती, पगारही यायचा. फक्त कागदोपत्री मी तिथं नव्हतेच. व्हिसाची मुदत संपत आली की नव्या व्हिसासाठी रात्रीची बस धरून लाओस, व्हिएन्तियानच्या थाई दूतावासापुढं सकाळी रांग, हातात फोटो आणि फॉर्म. पाचव्या महिन्यात कंटाळून परत आले. डिपॉझिट अर्थातच परत आलं नाही.

तेव्हा आधी दुबई. तिथली भारतीय अभ्यासक्रमाची शाळा म्हणजे बऱ्यापैकी ओळखीचं जग: एप्रिलला वर्ष सुरू, पालकसभा, युनिट टेस्ट, स्टाफरूममध्ये मल्याळी मॅडम. शाळा खरी आहे का हे तपासणं सोपं, कारण दुबईत खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते आणि तिचे तपासणी-अहवाल वेबसाइटवर वाचता येतात. ऑफर लेटर तिथल्या श्रम मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात येतं, त्यावरचा व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या साइटवर ताडून बघता येतो. शाळेच्या लेटरहेडवरचं देखणं पत्र म्हणजे ऑफर नव्हे.

कायदाही इथं शिक्षकाच्या बाजूनं बराच स्पष्ट आहे. २०२२च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या श्रम कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकानं करायचा, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही, आणि पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागं २१ दिवसांचा मूळ पगार. इथंच मेख आहे. करारात मूळ पगार चिमूटभर आणि भत्ते ओंजळभर दाखवले असतील, तर ग्रॅच्युइटीही चिमूटभरच येणार. बहिणीच्या ऑफरमध्ये नेमकं हेच आहे, मी तिला पेन्सिलनं खूण करून दिली.

आणखी एक कडू गोष्ट. भारतीय शाळांचे पगार ब्रिटिश शाळांपेक्षा बरेच कमी असतात, आणि दुबईचं घरभाडं तुमची शाळा कुठली हे विचारत नाही. शाळेनं घर दिलं नाही, तर एकटीला बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक कॉट, किंवा शारजात राहून रोज ट्रॅफिक. डिग्रीच्या अटेस्टेशनचाही फेरा आहे: राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, युएईच्या वकिलातीचा, मग तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. हा फेरा मार्चमध्ये सुरू केला तर एप्रिल हातचा गेला.

हनोईचं गणित वेगळं. सेंटर म्हणजे आपल्याकडचे क्लासेस. मुलं शाळेतून आल्यावर येतात, त्यामुळं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. पैसे बहुतेक तासावर, म्हणून तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, सुट्टीत पगार मिळतो का हे करारात बघायचं. राहणं-खाणं दुबईपेक्षा पुष्कळ स्वस्त. शिकवण्याची खरी मजा इथं आहे: खेळ, गाणी, चित्रं, वीस पोरांसमोर नुसतं बोलून भागत नाही. पण भारतीय चेहऱ्याला तासाचा दर कमी सांगणारी सेंटर आहेत, आणि ते तोंडावर सांगतात. सवय होते म्हणणारे भेटतील. मला कधी झाली नाही.

नोकरीचा कायदेशीर रस्ता म्हणजे वर्क परमिट, जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि त्यासाठी अर्ज करतं सेंटर. आपण द्यायचं ते पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, आणि कागद रीतसर प्रमाणित केलेले. '९० दिवसांच्या ई-व्हिसावर या, नंतर बघू' हे तिकडचं नेहमीचं वाक्य. त्यात आणि माझ्या थायलंडमध्ये फरक फक्त बसच्या रूटचा. प्रमाणपत्रांतही उजवं-डावं असतं: केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्समध्ये सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षकासमोर शिकवावं लागतं, ऑनलाइनच्या स्वस्त १२० तासांच्या कोर्समध्ये बहुधा एकही मिनिट नाही.

मध्ये एजंट असेल, तर दोन्हीकडं नियम एकच. आपला पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी न लागणारा, आहे म्हणून एजंटाची नोंदणी बघायची गरज नाही, असं पदवीधरांना वाटतं. ते चूक आहे. परदेशात नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला हवा, यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. 'प्रोसेसिंग', 'सिक्युरिटी', 'फाइल चार्ज' असे तुकडे पाडून मागितले, तरी बेरीज आपण करायची.

चीन आणि कोरियाचं दोन ओळींत उरकते. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना मुख्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. कोरियानं २०१०पासून लागू झालेल्या व्यापार करारानुसार भारतीयांना सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून दार किलकिलं केलं आहे, खासगी क्लासचं नाही. भारतीय पासपोर्टवर सोलच्या क्लासमध्ये नोकरी देणारी जाहिरात दिसली, की पुढं वाचायचंच नाही.

माझं मत विचाराल, तर बी.एड. असेल आणि चार पैसे गाठीला बांधायचे असतील तर दुबई, पण घर किंवा घरभाडं पदरात पाडून. बी.एड. नसेल तर दुबईचा नाद सोडा; हनोई, तेही सेल्टा करून. बहिणीचं मन मात्र हनोईतच आहे. परवा तिनं सेंटरला एवढंच विचारलं, मी निघण्याआधी तुम्ही काय काय कराल? रात्री उत्तर आलं: आधी कागदांची यादी पाठवतो, सगळे प्रमाणित करून पाठवा, मग आम्ही अर्ज करू, तोवर तिकीट काढू नका, दीड-दोन महिने धरा. दोन महिने वाचून ती हिरमुसली. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, पोरीला सेंटर बरं मिळालंय.