मुंबईचा म्हणून घेतलेला सर्व्हर निघाला फ्रँकफर्टचा

घाऊक विक्रेत्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर चालवतो आम्ही. एका गिऱ्हाइकाच्या सीएने विचारलं, "डेटा भारतात आहे ना? लेखी द्या." त्यांचं बरोबरच होतं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांना हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. म्हणून देशी क्लाउड शोधायला निघालो आणि सगळ्यात गोड बोलणाऱ्याच्या गळाला लागलो.

"सर, मुंबईत स्वतःचं डेटा सेंटर. टिअर-थ्री. मेइटीची मान्यता." टिअर ही डेटा सेंटरच्या भरवशाची श्रेणी, मेइटी म्हणजे केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालय. पीडीएफमध्ये दोन्ही सर्टिफिकेटं. मी शिक्के पाहिले, नाव कोणाचं आहे ते वाचलंच नाही. टिअरचं सर्टिफिकेट डेटा सेंटरला मिळतं. तिथे एक रॅक भाड्याने घेणाराही ते दाखवत फिरतो. मेइटीची मान्यता कोणाला आहे त्याची यादी तर मंत्रालयच जाहीर करतं, पाच मिनिटांत तपासून झालं असतं. पण 'वर्षाचे आगाऊ भरा, ४० टक्के सूट' हे ऐकल्यावर माझं डोकं चालायचं थांबलं होतं.

महिन्याभरात रिपोर्ट रखडायला लागले. आठ व्हीसीपीयूचं (आभासी प्रोसेसरचं) मशीन, तरी दुपारी रांग. आमच्या पोराने मशीनवरचा ताण दाखवणारी 'टॉप' कमांड लावून दाखवली, 'एसटी'च्या रकान्यात २५-३० टक्के. म्हणजे आपलं मशीन कामाला तयार, पण खालचा खरा प्रोसेसर त्याच वेळी भलत्यांच्या कामात. महामंडळाच्या एसटीत निदान उभं राहायला तरी मिळतं. तक्रार केली तर उत्तर, "सर, तुमची क्वेरी हेवी आहे."

मग पिंग पाहिला, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. आमच्या पुण्याच्या ऑफिसातून मुंबईला पाच-दहा मिलिसेकंद पुरतात. इथे रात्री-अपरात्रीही १४० च्या खाली येईना. डेटा कोणत्या वाटेने जातो ते दाखवणारा ट्रेसरूट लावला, तर शेवटच्या राउटरांच्या नावांत 'एफआरए', म्हणजे फ्रँकफर्ट. "सर, ते फायरवॉलमुळे फिरून जातं." आणि मी हे ऐकून घेतलं! वर्षाचे पैसे अडकले होते ना.

सगळ्यात स्पष्ट खूण मात्र हिशेबात होती. त्यांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी होता, पण विक्रेत्यांच्या विवरणपत्रांवरून आपोआप तयार होणाऱ्या आमच्या जीएसटीआर-२बी पत्रकात ते बिल कधी उमटलंच नाही. भरलेल्या कराचं क्रेडिट बुडालं ते सोडा. जो आपलं विवरणपत्र भरत नाही, तो आणखी कोणाकोणाचं थकवत असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

सातव्या महिन्यात एका सोमवारी सगळं बंद. "सर, अपस्ट्रीमचा इश्यू आहे." अपस्ट्रीम? स्वतःचं डेटा सेंटर असलेल्याच्या वर कोण बसलंय? तर ही मंडळी परदेशातली मशीनं घाऊकात घेऊन आम्हाला किरकोळीत विकत होती. वरच्याचं बिल थकलं, त्याने खातंच गोठवलं. आमचे स्नॅपशॉटही, म्हणजे मशीनच्या राखीव प्रती, त्याच खात्यात. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि बॅकअपही तिथेच असलेल्यांचे हाल झाले, तेव्हा मी त्यांना शहाणपण शिकवत होतो.

वाचलो ते ऑफिसच्या कपाटातल्या डिस्कमुळे. त्यातला डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, १९ दिवस जुना होता. मधली बिलं गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पीडीएफ मागवून पुन्हा हाताने चढवली. दोन गिऱ्हाइकं गेली, त्यांना काय तोंडाने थांबवणार?

आता नवीन ठिकाणी मशीन आधी महिन्याच्या बोलीवर घेतलं. आठवडाभर पिंग आणि 'एसटी' पाहिले, आयपी कोणाच्या नावावर आहेत ते काढलं, बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवून तो स्वतः रिस्टोअर करून पाहिला, मगच गिऱ्हाइकांचा डेटा हलवला.

भरपाईसाठी जुना करार काढला. ९९.९५ टक्के अपटाइमची हमी, म्हणजे महिन्याला जेमतेम २१-२२ मिनिटं बंद. आम्ही ११ दिवस बंद होतो. कलमाप्रमाणे भरपाई रोख नाही, पुढच्या बिलात क्रेडिट म्हणून. त्यांचं पॅनेल अजून उघडतं. माझ्या नावावर तिथे एका महिन्याच्या भाड्याइतकं क्रेडिट जमा दिसतं.