रेझिस्टन्स बँडचा सेट: हार्ट फेल्युअरवाल्याचा अनुभव

व्यायामाला ताणायच्या रबरी पट्ट्यांचा हा सेट. त्यातला पिवळा पट्टा गेल्या आठवड्यात दाराच्या कडेला घासून तुटला. विक्रेत्यानं ‘रबराला वॉरंटी नसते’ एवढं बोलून फोन ठेवला. सुदैवानं तोंडावर बसला नाही.

पण माझी मुख्य तक्रार पट्ट्यांवर छापलेल्या किलोंची आहे. माझं हृदय दुबळं, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) फक्त ३०. अशा माणसानं व्यायामातलं वजन हळूहळू वाढवायचं असतं. पट्ट्यावर छापलंय ‘५ किलो’, पण किती ताणल्यावर ५ हे कुठंच नाही! ढिला धरला तर ओढ नाममात्र, एक पाऊल मागं सरकलं की भलतीच. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर मोघम आकडा का चालवून घ्यायचा? सुरुवातीला तर सेट परतच करणार होतो.

फिजिओबाईंनी थांबवलं. बीटा ब्लॉकर या हृदयाच्या गोळीमुळं नाडी दबलेली असते, तेव्हा ठोक्यांवर भरवसा नको आणि किलोंवरही नको, असं त्यांचं म्हणणं. श्रम किती वाटतात ते आपणच सांगायच्या ६ ते २० च्या बोर्ग स्केलवर ते ११ ते १३ वाटले पाहिजेत, म्हणजे ओढताना बोलता यायला हवं. त्यामुळं आकड्यावरचा राग थोडा निवळला, गेला नाही.

खरी अडचण सवयीची. आम्ही तालमीत वाढलेली माणसं, जोर लावला की दम कोंडतोच. त्यानं रक्तदाब एकदम चढतो, दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही. उपाय साधा: ओढताना मोठ्यानं आकडे म्हणायचे. बोलताना दम कोंडताच येत नाही. पहाटे घरात माझी मोजणी ऐकू येते आणि बायको निर्धास्त असते, हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नव्हता.

ईएफ वाढावं म्हणून हे घेतलंच नव्हतं. या आजारात मांड्या-दंडही झिजतात आणि थकव्यात त्यांचाही वाटा असतो. आता कपिलतीर्थ मार्केटातून भाजीची पिशवी मीच आणतो, जिन्यात टेकावं लागत नाही. वजन मात्र रोज सकाळी करतो. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय समजायचं, व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

दंडासाठी आता लिटरच्या पाण्याच्या बाटल्या वापरतो. नेमका एक किलो, फुकट. पाठीसाठी मात्र बसून आडवं ओढायला पट्टाच लागतो, तिथं बाटली कामाची नाही. म्हणून पूर्ण सेट घेऊ नका, हलका एकच सुटा घ्या. दारात अडकवायचा भाग रुंद कापडी पट्टीचा हवा, आणि दर वेळी ताणण्याआधी रबरावर चिरा पडल्यात का ते उजेडात बघा.