50 वॅटचा दिवा, निघाला 20 वॅटचा

आमच्या गावच्या अभ्यासिकेतली एक पोरगी महिनाभर सांगत होती, "सर, रात्री वाचताना डोळ्यांतून पाणी येतं." मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं. डोळे ठणठणीत निघाले. खोट दिव्यांत होती, आणि ते दिवे मीच आणले होते.

परभणीच्या मोंढ्याजवळच्या एका दुकानातून आणले. लोकवर्गणीचा पैसा. आठ एलईडी पॅनेल, 750 रुपयांना एक. खोक्यावर ठळक छापलेलं: 50 वॅट, 4000 लक्स. दुकानदारानं दिवा लावला, त्याच्या फूटभर खाली उजेड मोजायचं मीटर धरलं. आकडा 4000च्या वर. "बघा सर, मीटर खोटं बोलतंय का?"

मीटर खरंच बोलत होतं. मी तिथंच गंडलो.

आपण बोअरचं पाणी सांगताना मोटार किती एचपीची एवढ्यावर थांबत नाही, किती इंच पाणी पडतं ते सांगतो. वॅट म्हणजे मोटारीची भूक, ती वीजबिलात दिसते. दिव्यातून एकूण किती उजेड पडतो ते लुमेन. आणि त्यातला वावराच्या एका वाफ्याला किती पोचला, म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडले, ते लक्स. त्यामुळं किती अंतरावर मोजलं ते न सांगता खोक्यावर लक्स छापण्याला काही अर्थ नाही. लहान दिव्याचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई होतो. फुटावरचे 4000 लक्स सात फुटांवर टेबलापर्यंत येताना 49 पट पातळ होतात, म्हणजे एका दिव्याचे जेमतेम 80. खोक्यावर लुमेनचा आकडा कुठंच नव्हता, हे मला घरी आल्यावर दिसलं.

आयटीआयमधल्या मित्राकडून लक्समीटर आणलं. आठही दिवे लावून टेबलावर 120, कोपऱ्यात 70. वाचायला 300 तरी हवेत. मग वॅटचा संशय आला. आमच्या वीजमीटरवर 3200 इम्पल्स लिहिलंय, म्हणजे एका युनिटला लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. पंखे, संगणक, सगळं बंद करून फक्त आठ दिवे चालू ठेवले आणि सहा मिनिटं मोजत बसलो. 400 वॅटला 128 लुकलुक व्हायला हव्या होत्या. झाल्या 52. म्हणजे आठ दिव्यांचे मिळून 162 वॅट, एकाचे वीस. पोरं हसत होती, मला काही हसू आलं नाही.

बऱ्यापैकी एलईडी वॅटला 90-100 लुमेन देतो. खरे 50 वॅट असते तर आठांचे 36000 लुमेन झाले असते. निम्मे भिंती-धुळीत गेले असं धरलं तरी आमच्या 56 चौरस मीटरच्या खोलीत 320 लक्स मिळाले असते. मी दुकानात हा गुणाकार कागदावर केला असता तर! गणित शिकवतो मी.

परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "सर, पांढरा उजेड डोळ्यांना कमीच वाटतो." हे तर उलटंच. पक्की पावती मागितली, तर 'तेव्हा सांगायचं' म्हणाला. जीएसटी वाचवायच्या नादात मीच कच्च्या चिठ्ठीवर माल उचलला होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचं म्हटलं तरी हातात पुरावा म्हणून ती चिठ्ठीच. दिव्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधला, तोही नव्हता. असला तर बीआयएस केअर ॲपवर तो खरा का खोटा हे दोन मिनिटांत कळतं.

बरीच घासाघीस झाल्यावर त्यानं चार पॅनेल परत घेतले, पैसे निम्मेच दिले. उरलेले चार आता जिन्यात आणि संडासाकडच्या बोळात लावलेत. नव्या दिव्यांचा खर्च माझ्या पगारातून गेला, डॉक्टरची फीही.