तिखटमिठाचा पोलेंटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याची घट्ट इटालियन लापशी, आणि ती आपल्याकडच्या हाताला एकाच ठिकाणी फसवते. पिठलं आळलं की शिजलं, हे हाताला पक्कं ठाऊक असतं. मक्याचा रवा उकळत्या पाण्यात पडला की पाच-सात मिनिटांत तसाच आळतो आणि गॅस बंद करावासा वाटतो. तेव्हा तो नुसता घट्ट झालेला असतो. कणाच्या बाहेरचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांना फुगून पाणी धरतो, पण आत पाणी पोचायला वेळ लागतो. अशा वेळी उतरवला तर वरून गुळगुळीत, दाताखाली वाळू आणि मागे कच्च्या पिठाचा वास. आठ महिने, आठवड्यातून साधारण दोनदा, चार प्रकारची पिठं आणि तीन भांडी वापरून बनलेलं मत असं: जाड रवा घ्या, पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घाला आणि पाऊण तास द्या. अखंड ढवळत राहण्याची कीर्ती फार आहे, गरज तितकी नाही.

आधी पीठ, कारण निम्मे घोटाळे दुकानातच होतात. ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र पावडर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च. तिची खळ होते, पोलेंटा नाही. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ वीस मिनिटांत शिजतं, पण फार बारीक असल्यामुळे जिभेला चिकट लागतं, कणी राहत नाही. हवा तो मक्याचा रवा, उपम्याच्या रव्याहून किंचित जाड. काही पाकिटांवर ‘कॉर्न ग्रिट्स’ किंवा ‘मक्याचा दलिया’ असं असतं. दलिया बहुधा फार जाड निघतो, तो मिक्सरमधून दोन-तीन झटके फिरवून चाळून घ्यावा लागतो. चक्कीवर दळून घ्यायचा तर पूर्ण वाळलेला पिवळा मका द्यावा आणि ‘रवाळ, पीठ नको’ असं दोनदा सांगावं. दळलेल्या रव्यात सालपटं राहतात. भरपूर पाण्यात ढवळून मिनिटभर ठेवलं की ती वर तरंगतात, चहाच्या गाळणीने काढून टाकता येतात.

आयात पाकिटांवरचे शब्द कळले तर पैसे वाचतात. ब्रामाता म्हणजे जाड, फियोरेत्तो म्हणजे बारीक, ब्यांका म्हणजे पांढऱ्या मक्याचं, इंतेग्राले म्हणजे कोंडा-अंकुरासकट. इस्तांतानेआ किंवा प्रेकोत्ता लिहिलं असेल तर ते वाफवून वाळवलेलं पीठ, पाच मिनिटांत होणारं. ते वाईट नाही, पण मक्याची गोडसर चव त्यात फिकी पडते. मऊ पोलेंट्याला ते घेऊ नये. थापून तळायच्या वड्यांना चालतं, कारण तिथे चव खरपूसपणाची असते. किमतीचं म्हणाल तर ब्रामाता उत्तमच, पण देशी रवा नीट शिजवला तर फरक इतका उरत नाही की रोजच्या स्वयंपाकात आयात पाकीट परवडवून घ्यावं.

प्रमाण वजनानेच धरा. वाटीने मोजलं की जाड आणि बारीक रव्यात फरक पडतो. मऊ, ताटात पसरणाऱ्या पोलेंट्याला २०० ग्रॅम रवा आणि १ लिटर पाणी, चार माणसांना पुरतं. वड्या थापायच्या असतील तर तितक्याच पाण्याला २५० ग्रॅम. मीठ लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दीड-पावणेदोन छोटे चमचे, आणि ते पाण्यातच. मागाहून घातलेलं मीठ कणात उतरत नाही, वरवर खारट आणि आत अळणी असा प्रकार होतो. पुढे चीज घालायचं असेल तर ६-७ ग्रॅमवर थांबा.

पाणी उकळलं की आच मध्यम करायची. डाव्या हाताने चिमटीतून रवा पावसासारखा सोडायचा, उजव्या हाताने तारेच्या व्हिस्कने फिरवत राहायचं. मूठभर रवा एकदम पडला की गोळ्याचं बाहेरचं आवरण क्षणात शिजतं आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. गुठळीचं कारण एवढंच. ही कसरत नको असेल तर रवा थंड पाण्यात कालवून मग भांडं गॅसवर ठेवा. गुठळी होत नाही, मात्र उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर रवा तळाला बसून लागतो. आठ महिन्यांत ही थंड पाण्याची पद्धतच टिकली. पावसासारखं सोडणं दिसायला छान.

आळायला लागला की आच अगदी मंद. या टप्प्यावर पोलेंटा पिठल्याहून वाईट उडतो. घट्ट थराखाली वाफ कोंडते आणि एकेक बुडबुडा फुटून मनगटावर चटका देतो. तिरकं झाकण, लांब दांड्याचा लाकडी डाव, आणि दर पाच मिनिटांनी तळापासून चार फेरे, बस. जाड रव्याला ४० ते ५० मिनिटं लागतात. मधे फार घट्ट झाला तर अर्धी वाटी उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि वेळ वाढतो. शिजला का हे भांड्याच्या कडेवरून ठरवू नका. कडा सोडणं ही घट्टपणाची खूण. थोडासा गार करून जीभ आणि टाळू यांच्यात चोळा. कण मऊ असेल पण बोचणार नाही, तेव्हा झाला.

वेळ वाचवायचे उपाय चार, आणि सगळे सारखे नाहीत. रात्री रवा त्याच मोजलेल्या पाण्यात भिजवून ठेवणं हा सर्वात चांगला: शिजायचा वेळ जवळपास निम्मा होतो आणि चव बिघडत नाही. दुसरा खायचा सोडा, लिटरला फक्त चिमूटभर. तो कणाच्या भिंती सैल करतो, पण जरा जास्त झाला की साबणासारखी चव येते. याच्या उलट आंबट पदार्थ त्या भिंती घट्ट धरतात, म्हणून टोमॅटोचा रस पाण्यात घालून पोलेंटा शिजवू नका, वरून वाढा. तिसरा उपाय ओव्हन: सगळं एकत्र उघड्या खोलगट भांड्यात, एक मोठा चमचा तेल घालून १८० अंशांना सव्वा तास, मधे एकदाच हलवायचं. वेळ वाचत नाही, हात वाचतो. चौथा कुकर, आणि इथे सावध. रवा थेट कुकरमध्ये शिजवू नये. तळ लागतो, आणि घट्ट लापशी शिट्टीच्या नळीत चढून ती बुजवू शकते. डब्यात, खाली पाणी ठेवून करता येतो, पण आधी गॅसवर पाचेक मिनिटं आळू द्यावा, नाहीतर डब्यात रवा खाली आणि पाणी वर असे दोन थर निघतात. प्रेशर आल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. पोत ठीकठाक, गडबडीच्या दिवशी पुरेसा.

भांड्यांत पातळ स्टीलचं पातेलं सरळ नापास. जाड अ‍ॅल्युमिनियम उत्तम, तीन थरांच्या बुडाचं स्टील त्याच्या जवळपास. उत्तर इटलीत यासाठी पायोलो नावाची तांब्याची, बिनकल्हईची कढई असते. कल्हई नसल्याने आंबट काही त्यात शिजवत नाहीत. तळाला जी करंजीच्या पारीसारखी पातळ साय धरते ती करपलेली नसेल तर आपल्या खरवडीसारखी खायची असते. तिकडेही ती फेकत नाहीत. बाकी भांडं गार पाण्यात भिजवावं. गरम पाण्याने स्टार्च आणखी चिकटतो.

दुधात शिजवलेला पोलेंटा मऊ लागतो, पण दूध सुरुवातीपासून घातलं की हमखास बुडाला लागतं. पाऊण पाणी आधी, उरलेलं दूध शेवटच्या दहा मिनिटांत. लोणी आणि चीज गॅस बंद केल्यावर. रटरटत्या पोलेंट्यात पार्मेजान टाकलं तर तेल सुटून दोऱ्या होतात. चार माणसांना ३० ग्रॅम लोणी आणि ४०-५० ग्रॅम किसलेलं चीज पुरे. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज गुळगुळीत विरघळतं, त्यात तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारी इमल्सिफायर असतात, फक्त त्याचं मीठ धरा.

वड्यांबद्दल सर्वाधिक तक्रार असते की तव्याला चिकटतात, तुटतात. तीन कारणं: पाणी जास्त, गार करायला वेळ कमी, उलटायची घाई. घट्ट पोलेंटा तेल लावलेल्या ताटात दीड सेंटीमीटर जाड थापा आणि फ्रीजमध्ये झाकण न ठेवता किमान चार तास ठेवा. थंडीत स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांना धरतात, आणि उघडा ठेवल्याने वरचा थर सुकतो. तोच थर पुढे खरपूस होतो. बिडाचा तवा चांगला तापवून दोन चमचे तेल, वड्या सुट्या ठेवा आणि सहा मिनिटं हात लावू नका. स्वतः सुटल्या की उलटा. आत भरपूर चीज घातलेल्या वड्या कढईत तळायला घेऊ नका, फुटतात आणि तेल उडतं. उरलेला मऊ पोलेंटा दुसऱ्या दिवशी दगड होतो. दोन-तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर व्हिस्कने फोडला की पूर्ववत.

वर काय वाढायचं? मश्रूम, लसूण आणि मिरी. शिजवलेला राजमा सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांत परतून. आणि उत्तर इटलीतले प्रकार: ओस्ता खोऱ्यातला पोलेंटा कोंचा, म्हणजे फोंतिना चीज आणि लोण्याचे थर. फोंतिना नसेल तर गौडा जवळचं. वाल्तेल्लीनातला तारान्या हा सगळ्यांत वेगळा: मक्याच्या रव्यात कुट्टूचं पीठ मिसळलेलं, रंग राखाडी, त्यात कासेरा चीज. कुट्टूचं पीठ उपवासाच्या सामानात सहज मिळतं, साधारण एक तृतीयांश घाला. ते लवकर शिजतं, म्हणून शेवटच्या २० मिनिटांत टाका. व्हेनेतोत पांढऱ्या मक्याचा सैल पोलेंटा मासळीबरोबर खातात, आणि तो कोलंबीच्या हलक्या रश्शाशी मस्त जमतो. तांबड्या रश्शाबरोबर मात्र चीज घालू नका, मसाला आणि चीज दोन्ही वाया जातात.

सोबत डाळ-शेंगा किंवा चीज हवंच, आणि त्यामागे चवीपेक्षा मोठं कारण आहे. मक्यातलं नायसिन हे ब-गटातलं जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, शरीराला लागत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात म्हणून ते सुटं होतं. इटलीने मका उचलला, ही रीत उचलली नाही. जवळपास पोलेंट्यावरच जगणाऱ्या उत्तरेकडच्या गरिबांत जो त्वचारोग पसरला, त्याला १७७१ मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्लीने पेलाग्रा हे नाव दिलं. आठवड्यातून दोनदा खाणाऱ्याला भीती नाही, पण नुसत्या पोलेंट्यावर लोणी घालून जेवण उरकणं ही सवय नको.

साठवण्याचं शेवटी, पण महागात पडतं ते हेच. अंकुरासकट दळलेल्या पिठात तेल असतं, ते उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यात खवट होतं. पावसाळ्यात टोके आणि जाळी. पाव किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, वापरताना विरघळू द्यायची गरज नाही. कडवट वास आला तर फोडणीने किंवा चीजने तो झाकला जात नाही.