काटा, टेप, वही की मोबाईल?

जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी वाढते ती दिवाळीनंतर, आणि भरताची वांगीही नेमकी तेव्हाच बाजारात येतात. खानदेशात वजन उतरवायचं म्हणजे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं. सुरुवात कुणीही करतं, सुटतं कशामुळे ते महत्त्वाचं. माझं दोनदा सुटलं, आणि दोन्ही वेळा दोष भरताचा नव्हता, मी ज्या आकड्याकडे बघत होतो त्याचा होता. म्हणून कुठला हिशेब कुणाला पेलतो, तेवढं मांडतो.

काटा की टेप

पहिल्या वेळी घरी डिजिटल काटा आणला आणि रोज उठल्याबरोबर त्यावर उभा राहू लागलो. तीन आठवडे आकडा उतरत होता. मग एका शनिवारी मित्रांबरोबर शेवभाजी झाली आणि रविवारी सकाळी काटा सव्वा किलो वर! किलोभर चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे एका रात्रीत सव्वा किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा साडेनऊ हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. कितीही तर्री ओरपली तरी ते व्हायचं नाही. ते होतं मीठ आणि मिठाने धरून ठेवलेलं पाणी. भाकरी-पोळीतून आलेली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, त्याच्या दर ग्रॅममागेही सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सोमवारी चालायला गेलो नाही, आणि मग थेट होळीपर्यंत गेलो नाही.

उलटी फसगतही होते. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की शेतातून आलेल्या माणसाचं वजन किलोभर कमी भरतं. तो घाम असतो. दोन तांबे पाणी आणि ताक पोटात गेलं की सगळं परत. शरीरातली चरबी टक्क्यांत दाखवणारे काटे पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. तो अंदाज अंगातल्या पाण्यावर हलतो, त्यामुळे आमच्या उन्हाळ्यात त्या टक्क्यांवर मी तरी विसंबणार नाही.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम मानतात, आणि पाण्याचा चढउतारच दिवसाला किलोभराचा. रोजच्या आकड्यात चरबी दिसणार कुठून? काटा ठेवायचा तर आठवड्याचा एक वार ठरवा आणि सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी उभे राहा. रोज पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल तर सात दिवसांची सरासरी काढा. पाळीच्या आसपास अंगात पाणी धरतं, म्हणून बायकांनी मागच्या आठवड्याशी नव्हे, मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताळा करावा.

शिंप्याकडची साधी टेप या बाबतीत शांत स्वभावाची. शेवभाजीने ती हलत नाही, घामाने तर नाहीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न आवळता माप घ्यायचं. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलं की आपण पँट पोटाखाली नेसतो, आणि 36 नंबर दहा वर्षं 36 च राहतो. टेपचा दोष एकच: ती फार सावकाश बोलते. पंधरा दिवसांतून एकदाच मोजण्याइतका धीर नसेल तर पहिल्या महिन्यातच कंटाळाल.

मोबाईल की वही

अ‍ॅपवर ‘शेवभाजी, एक वाटी’ असं भरलं की ते आकडा देतं. पण कुणाची शेवभाजी? घरची की ढाब्यावरची? मोठा चमचाभर तेल म्हणजेच साधारण 120 कॅलरी, आणि वाटीवर किती चमचे तरंगतात ते मोबाईलला दिसत नाही. तरीही दोन-तीन आठवडे सगळं इमानदारीने भरून बघाच. चहासोबत चिमूट-चिमूट खाल्लेली शेव आणि तुपात बुडवलेली दुसरी बट्टी कितीला पडते, ते एकदा कळलं की पुढे डोळाच मापतो. त्यानंतर अ‍ॅपची कटकट वाढते. एक दिवस चुकला की सलग दिवसांची साखळी तुटते, आणि माणूस साखळीबरोबर चालणंही सोडतो. दहा हजार पावलांचंही तेच. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय तपासणीतून नाही. सहा हजार झाली तर दिवस वाया गेला असं मानू नका.

माझं तिसऱ्यांदा जमलं ते वहीवर. त्यात वजन रविवारपुरतंच. रोज लिहायचं ते आपल्या हातातलं: चाललो का, रात्री किती वाजता जेवलो, चहा किती झाले. घरात लग्नकार्य असलं की त्या पानावर फक्त ‘हळद’ लिहून मोकळा होतो.

एकट्याने की चौघांत

यात फार घोळ नाही. कुणी विचारल्याशिवाय ज्याच्याने होत नाही, त्याने चौघांत जावं. न्यूयॉर्कच्या जीन निडेच यांनी मैत्रिणींना घरी जमवून हेच सुरू केलं आणि 1963 मध्ये त्यातून ‘वेट वॉचर्स’ उभी राहिली. आमच्याकडे तलावावर “काय रे भो, काल कुठे होता?” एवढा प्रश्न पुरतो. फक्त फेरी संपल्यावर तो घोळका कुठे वळतो ते पाहून घ्या. आमचा पहिला घोळका कचोरीच्या गाडीकडे वळायचा.

थोडक्यात, आकडा वर गेला की खचणारे असाल तर टेप आणि वही घ्या, आकड्याने न खचणारे असाल तर काटा, आणि आपण किती खातो तेच माहीत नसेल तर आधी दोन-तीन आठवडे मोबाईल. साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर वजन उतरताना डोस बदलावा लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या सुनेचं वेगळं. तिला स्वतःपुरतं वेगळं शिजवता येत नाही, सगळ्यांच्या फोडणीतलंच खावं लागतं. आमच्या वहिनींनी यावर स्वतःची युक्ती काढली. तेलाचा नवा 15 किलोचा डबा उघडला की त्यावर खडूने तारीख टाकतात. माणसं तेवढीच, पण मागचा डबा 58 दिवस गेला आणि आताचा 71 व्या दिवशीही तळाला लागलेला नाही. सासूबाईंना अजून पत्ता नाही.